पोच

चाकणच्या ठाण्यात अटक वॉरंट द्यायला आम्ही दोघं शेवटचं गेलो, त्या दिवशीसुद्धा माझ्या मेहुण्यानं टपरीवाल्याला चहाचे पैसे दिले आणि हात तसाच पुढं ठेवून म्हणाला, "पोच?" टपरीवाल्याला सवय होती. त्यानं पेपरच्या तुकड्यावर सही ओढून दिली. असा माणूस उभ्या पिंपरी-चिंचवडात दुसरा नाही, आणि एकच आहे ते बरं आहे.

हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. पोलिसात हवालदार. गुन्हा एका ठाण्याच्या हद्दीत आणि आरोपी राहायला दुसऱ्या हद्दीत, असं झालं की त्याचं वॉरंट मोटारसायकलवर घालून त्या ठाण्यात न्यायचं आणि मिळाल्याचा सही-शिक्का घ्यायचा, हे याचं काम. त्या सही-शिक्क्याला पोच म्हणतात. एकदा याच्या हातचं वॉरंट कुठल्याशा ठाण्यात टेबलाच्या फळीमागं पडलं. तिथले म्हणाले, आलंच नाही. आरोपी मोकळा फिरला आणि साहेबांनी यालाच धुतलं. तेव्हापासून पोचेचं भूत मानेवर बसलं ते उतरलं नाही. पोरीच्या लग्नाच्या पत्रिका वाटल्या तर घरोघर सह्या घेतल्या. पुनावळ्याचा चुलता रुसला, लग्नाला आलाच नाही. हा म्हणतो, "न्हाई आला तर न्हाई. पत्रिका मिळाली न्हाई असं तर म्हणता येणार न्हाई त्याला." माझ्या बायकोनं लोणच्याची बरणी धाडली तरी 'बरणी एक, झाकणासह मिळाली' अशी चिठ्ठी यायची. ती वाचून दाखवायची आणि त्याला फोनवर म्हणायची, "तात्या, सगळ्यांकडनं पोच घेतोस रं, पण तुला सोताला पोच न्हाई." तो हसायचा नाही. चेष्टा समजायला त्याला दुसरा दिवस लागतो.

ती गेली. बारावं-तेरावं झालं, पाहुणे पांगले. मी दार लावून बसलो. जेवलो काय, न जेवलो काय, विचारणारं कोणी नव्हतं. एका सकाळी हा दारात उभा. "दाजी, चला. चऱ्होलीचं काम हाय."

"मी कशाला?"

"पिशवी धरायला मागं माणूस लागतो."

पिशवी त्याच्याच गळ्यात होती, साखळी लावलेली. धरायचं काय त्यात? पण गेलो. मग जातच राहिलो. रोज निरोपाला एकच वाक्य, "उद्या तयार राहा." वाटेत बोलायचा सारखं, ते सगळं हेल्मेटमध्येच राहायचं. मी नुसता "व्हय" म्हणायचो. एका ठाण्यात नव्या शिपायानं माझ्याकडं बोट केलं, "याला बेडी का न्हाई?" मेहुणा म्हणाला, "दाजी हायेत माझे. पळून जातील कुठं, रात्रीचं जेवण माझ्याकडं असतं." दाढी वाढलेली होती माझी. दुसऱ्या दिवसापासून करायला लागलो.

तर त्या शेवटच्या दिवशी चाकणला शिक्का मारताना कारकून म्हणाला, "हवालदार, उद्यापास्नं येऊ नका. आता कॉम्प्युटरवरनं पाठवायचं." याला ठाऊक होतं. मला सांगितलं नव्हतं.

परत येताना सिग्नलला गाडी थांबली. मीच विचारलं, "कसं असतंय ते?"

"बटण दाबलं की तिकडं मिळतं. मिळालं की इकडं खूण उमटते. मागावी पण लागत न्हाई."

"बरं झालं की मग."

"व्हय. बरं झालं."

बरंच झालं, खोटं कशाला बोलू. फळीमागं आता काही पडायचं नाही. पण मी त्याच्या पाठीकडं बघत होतो आणि मनात एकच, उद्या सकाळी मी उठून करू काय? त्यानं मला फाटकाशी उतरवलं. रोजचं वाक्य बोललाच नाही. गाडी वळवली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी उठलो, दाढी केली. जिन्याखाली माझी स्कूटर होती, बायको गेल्यापासून चादरीखाली. चादर काढली, प्लग पुसला, पाय दुखेपर्यंत किका मारल्या. लागली एकदाची. थेट रावेतला त्याच्या दारात गेलो. हा वर्दी घालून बुटाची नाडी बांधत होता.

"दाजी? काय झालं?"

"मागं बस. ड्युटीवर सोडतो."

"माझी गाडी हाय की."

"असू दे. बस म्हणतो ना."

बसला. ठाणं सरळ रस्त्यानं जवळ होतं. मी स्कूटर पुनावळ्याकडून लांबच्या वळणानं घेतली.