तामेगाकाठच्या सोप्या वाटा

बस चंडीगडच्या अलीकडं झिरकपूरच्या जाममध्ये अडकली होती. उशीर होतोय, स्टँडवर ताटकळत उभा राहू नकोस, हे सांगायला मी दादाला फोन लावला. फोन दुसऱ्याच माणसानं उचलला. “आंटी जी, आप इनकी कौन?” बहीण, मी म्हणाले. पलीकडे नुसता कालवा चालला होता. “कर्नल साब को बहुत मारा है जी… आप जल्दी आओ.” सेक्टर त्रेचाळीसच्या स्टँडवर मी उतरले तोवर दादाला हॉस्पिटलात हलवलं होतं. रस्त्यावरच्या रक्तावर कुणीतरी वाळू टाकत होतं. आणि मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा तो गेलेला होता.

याला आता काही आठवडे झाले. ऑटोवाल्याला वाचवताना निवृत्त कर्नलचा मृत्यू, असं पेपरात आलं. लोक फोन करून म्हणतात, तुमचे भाऊ देवमाणूस होते. मी हो म्हणते आणि फोन ठेवते. पण माझा दादा देवमाणूस नव्हता, चांगला मारकुटा होता. ते लपवून त्याच्याबद्दल लिहिलं, तर त्यानं शेवटी काय केलं ते कुणाला कळणारच नाही.

मार त्याला घरातूनच मिळाला होता. गडहिंग्लजला आमच्या वडिलांची पिठाची गिरणी होती आणि गिरणीच्या पट्ट्याचा तुटका तुकडा दाराआड खिळ्याला टांगलेला असायचा. कारण काहीही पुरायचं. दादा कॉलेजात गेला त्या वर्षी वडिलांनी तो पट्टा उगारला, दादानं हिसकावून घेतला आणि उलटा त्यांच्यावरच चालवला. वडील पिठाच्या पोत्यांवर कोसळले. पांढऱ्या पिठावर लाल शिंतोडे… आई ओरडत होती आणि दादा थांबत नव्हता. पुढं तो फौजेत गेला. तिथं या हाताला शिस्त हे नाव मिळालं. माझे यजमान चंडीगडला सेक्टर एकोणचाळीसच्या संशोधन संस्थेत होते, म्हणून निवृत्तीआधीच त्यानंही इथं घर घेतलं. सिग्नलला कुणी आडवी गाडी घातली, की हा उतरून त्याची कॉलर धरायचा. वहिनी गाडीत डोळे मिटून बसायच्या.

निखिल त्यांचा एकुलता मुलगा. शाळेत असताना ट्यूशनला जातो सांगून तो सेक्टर बावीसच्या मार्केटमध्ये मित्रांबरोबर छोले-भटुरे खात उभा होता. दादानं त्याला तिथंच, सगळ्यांदेखत, एक ठेवून दिली. एकच. निखिल दुकानाच्या पायरीवर आपटला आणि कानातून रक्ताची धार शर्टावर आली. डाव्या कानाचा पडदा फाटला. ऑपरेशन झालं, पण त्या कानानं त्याला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. शिकून तो पोर्तुगालला गेला, तिथंच लग्न केलं, मुलगी झाली, तारा. बापाशी बोलणं बंद होतं. वहिनी गेल्या तेव्हा आला, अग्नी दिला, आणि एका शब्दानं न बोलता परत गेला.

मागच्या वर्षी दादा माझ्याकडे येऊन बसला. चहा गार झाला तरी कप तसाच. मग म्हणाला, “अगं, मला पोराकडं घेऊन चल. एकटा गेलो तर दार उघडायचा न्हाई.” मी निखिलला विचारलं. मी स्वतः येणार का, हे त्यानं दोनदा विचारलं. शेवटी म्हणाला, “आत्या, आप आ रही हो तो ठीक है।”

तामेगा नदीच्या काठावर अमारांत नावाचं त्याचं गाव. दगडी कमानींचा जुना पूल, पुलाशी मोठं चर्च, नदीत वाकलेली झाडं. दादाचा गुडघा बदललेला, चढ झेपायचे नाहीत, म्हणून निखिलनं सोप्या वाटा निवडल्या. पहिल्या दिवशी पुलाखालून नदीच्या काठाकाठानं, दुसऱ्या दिवशी जुन्या रेल्वेच्या वाटेवरून. रूळ काढून तिथं चालायचा रस्ता केलाय, एका बाजूला द्राक्षांचे मळे, खाली नदी. इतकी शांत वाट मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि त्या वाटेवर मी जीव मुठीत धरून चालत होते. निखिल बापाच्या उजव्या अंगाला चालायचा. दादा काहीबाही बोलत राहायचा, झाडांविषयी, हवेविषयी, आणि निखिल समोर बघत राहायचा. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं… बहिरा कान त्यानं मुद्दाम बापाकडं ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी ताराला घेऊन गावातून निघालो. वाटेत एका मोठ्या घराच्या नुसत्या भिंती उभ्या आहेत. दोनशे वर्षांपूर्वी फ्रेंच फौजेनं हे गाव जाळलं, तेव्हाचं ते घर. गावकऱ्यांनी आणि सैनिकांनी पूल धरून ठेवला होता, किती दिवस शत्रूला नदी ओलांडू दिली नाही, हे निखिलनं मला सांगितलं, मलाच. पण दादाच्या फौजी जिवाला राहवेना. तोफा कुठं असतील, माणसं कुठून कापली गेली असतील, तो हातवारे करून दाखवायला लागला, आणि निखिलनं पहिल्यांदा मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता जमेल.

काठावर उतरलो तेवढ्यात तारा पाण्याकडं पळाली. तीन वर्षांची पोर. पुढं बंधारा, पाण्याला ओढ. दादा तसल्या गुडघ्यानं धावला, अगदी काठावर तिचा दंड पकडला आणि फरफटत मागं ओढलं. आणि त्याचा उजवा हात वर गेला. मी पाहिला. पोरीनं पाहिला, तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. तो हात खाली आलाच नाही, निखिलच आला. त्याची मूठ दादाच्या तोंडावर बसली तो आवाज मला अजून ऐकू येतो. दादा खडीवर गुडघ्यांवर पडला. निखिलनं पुन्हा मारलं, मग पुन्हा. “मेरी बेटी को? मेरी बेटी को हाथ लगाओगे?” तारा किंचाळत होती, मी निखिलच्या पाठीला लोंबकळत होते. दादाचे दोन्ही हात खडीवर टेकलेले. ज्या माणसानं सख्ख्या बापाला सोडलं नव्हतं, त्यानं ते हात उचलले नाहीत. नाकातून रक्त गळत होतं. तो म्हणाला, “बरं केलंस… कुणी तरी हे आधीच करायला पायजे होतं.”

निखिल उठून उभा राहिला. मग नदीवर गेला, रुमाल भिजवून आणला आणि बापाचं तोंड पुसलं. फार जोरात पुसलं, राग होताच. परतताना तो ताराला कडेवर घेऊन पुढं चालला. पण पूल आला तेव्हा निखिल दादाच्या डाव्या बाजूला येऊन चालत होता. “काय म्हणालात?” त्यानं विचारलं, मराठीत. दादा काहीच म्हणाला नव्हता.

घरी परतल्यावर दादा सेक्टरच्या पार्कात दोन्ही हात पाठीमागं बांधून चालायचा. मी हसले तर म्हणाला, “हात एकमेकांत अडकवून ठेवल्यालं बरं.”

आणि मग तो दिवस. मला घ्यायला तो स्टँडवर आला होता. एका ऑटोचा धक्का लागून कुणाच्या चकचकीत गाडीला ओरखडा गेला. गाडीतून तीन जवान पोरं उतरली आणि ऑटोवाल्याला बाहेर ओढून लाथांनी तुडवायला लागली. गर्दी मोबाईल धरून उभी. दादा मधे गेला. ऑटोवाला नंतर माझ्याकडे आला, डोक्याला पट्टी, हात जोडलेले. म्हणाला, “साब ने हाथ नहीं उठाया जी. बस मेरे ऊपर झुक गए. बोलते रहे, बेटा बस कर, बेटा बस कर।” पोरांच्या गाडीतल्या लोखंडी रॉडचा घाव दादाच्या मानेवर बसला.

निखिल आला. हे ऐकून त्यानं हॉलमधली काचेची टीपॉय उचलून भिंतीवर फेकली. “क्यूँ नहीं मारा उन्होंने? आत्या, क्यूँ?” खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. जन्मभर ज्याच्या हाताची भीती बाळगली, तो हात त्या दिवशी चालला असता तर… हा राग अजून गेलेला नाही. पण निखिलनं काचा स्वतः गोळा केल्या, बोट कापून घेतलं, आणि बापाच्या पलंगावर आडवा होऊन लहान मुलासारखा रडला.

अमारांतहून आल्यापासून दादा रोज दुपारी ताराशी व्हिडिओवर बोलायचा. तिकडं तेव्हा सकाळ असते, तिची शाळेची घाई. याला तिची भाषा येत नाही, तिला याची. मग दोघं टाळ्यांचा खेळ खेळत, हा इथं स्क्रीनसमोर हात उगारणार, ती तिथं, आणि दोघं एकदम काचेवर टाळी देणार. हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं, निखिलकडून कळलं. परवा दुपारी त्याच्या खोलीत कपडे आवरत होते, बंद पडलेला टॅबलेट चार्जिंगला लावला, तर तो वाजला. तारा होती, एक वेणी घातलेली, एक मोकळी. आजोबा दिसेनात तेव्हा तिनं मला नीट पाहून घेतलं, आणि आपला पंजा वर करून वाट बघत थांबली. मीही हात उगारला.

ती हसली. तिनं डोळे मिटले नाहीत.