पेट स्कॅन आणि दोन ग्लास छबील

"पँक्रियाज में गाँठ है जी. कैंसर हो सकता है," सर्जन म्हणाले. त्यावर मी पहिला प्रश्न विचारला, "मतलब जलेबी बंद?"

सर्जन हसले नाहीत. शेजारी बसलेल्या बायकोनं, सुनंदानं, माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. पुढची पाच मिनिटं ते काय बोलले, आजही आठवत नाही.

पँक्रियाज म्हणजे स्वादुपिंड. जठरामागे दडलेला अवयव. साठ वर्षांत मी कधी त्याची चौकशी केली नव्हती. हवाई दलातून निवृत्त होऊन आम्ही चंडीगडलाच राहिलो. हिवाळ्यात माझं वजन नऊ किलोंनी उतरलं, तर मी ते श्रेय सकाळच्या फेऱ्यांना दिलं आणि शेजाऱ्यांना बारीक होण्याचे फुकट सल्ले वाटले. रक्तातली साखर एकाएकी वाढली, तर दोष पिन्नीच्या लाडवांना. पाठ दुखायला लागली, तर गादी बदलली. तुम्ही माझ्यासारखं करू नका. आपोआप वजन उतरत असेल, तर खूश होण्याआधी डॉक्टर गाठा.

सीटी स्कॅनमध्ये फक्त स्वादुपिंडातली गाठ दिसली होती, ऑपरेशन करता येईल अशी. पण आधी पेट स्कॅन. त्यात शिरेतून किरणोत्सर्गी साखर देतात. कॅन्सरच्या पेशी अधाशी. त्या ती ओढून घेतात आणि चित्रात उजळतात. रोग दुसरीकडे गेला असेल, तर बहुधा तेही कळतं. पसरला नसेल तर ऑपरेशन, पसरला असेल तर नाही. माझं सगळं एवढ्यावर अडलं होतं. अट एकच: सहा तास पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही.

स्कॅनच्या दिवशी सुनंदा नंबर लावायला पुढे गेली होती. मी हट्टानं एकटा ऑटोनं निघालो. जूनचं ऊन. सेक्टर ४३च्या बस अड्ड्याजवळ छबील लागलेली, म्हणजे रस्त्यात गाड्या अडवून गार, गुलाबी, गोड दूध पाजण्याची सेवा. एका सरदारजींनी ग्लास पुढे केला. "लो वीर जी, सेवा नू ना नहीं करदे!" इतकी वर्षं इथे काढलेला माणूस छबिलीला नाही म्हणत नाही. पहिला ग्लास रीत म्हणून घेतला. दुसरा मी मागून घेतला.

"अंकल जी, कुछ खाया-पिया?" स्कॅनच्या सिस्टरनं विचारलं.

"सिर्फ पानी."

तिनं बोटाला सुई टोचली. साखर दोनशे नव्वद. तिनं माझ्या मिशीकडे पाहिलं. "पानी गुलाबी था?"

सुनंदाचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, मरायची एवढी घाई आहे का तुम्हाला?"

स्कॅन रद्द. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं: रक्तात आधीच साखर भरलेली असली, की दिलेली साखर पेशींत कमी शिरते, बारीक डाग फिके पडतात, निसटतातही. माझ्यासाठी मागवलेलं औषध काही तासांत निकामी झालं. मला चार दिवसांनंतरची तारीख मिळाली. ते चार दिवस सुनंदा माझ्याशी जेवणापुरतीच बोलली. रोग आणि मी, दोघांवरही रागावली होती.

दुसऱ्या वेळी साखर ठीक निघाली. इंजेक्शननंतर तासभर गप्प पडून राहायचं होतं. माझ्यासारख्या बडबड्याला ती शिक्षाच.

रिपोर्टच्या दिवशी सर्जननी पडदा आमच्याकडे वळवला. स्वादुपिंडातली गाठ उजळलेली होती, आणि यकृतात तीन लहान ठिपके. सीटीत ते नव्हते. "सूज भी चमकती है, सुई से जाँच करेंगे," ते म्हणाले. मी त्या सुजेसाठी देवाला नवस बोललो. सुईची तपासणी झाली. कॅन्सरच होता.

"ऑपरेशन से फायदा नहीं होगा. कीमो शुरू करते हैं."

ऑपरेशनसाठी मी बॅगसुद्धा भरून ठेवली होती. घरी आल्यावर बराच वेळ तिच्याकडे बघत बसलो. मग हळूहळू उमगलं. त्या दिवशी सिस्टरनं माझ्या थापेवर विश्वास ठेवला असता, तर ठिपके कदाचित दिसलेच नसते. पोट उघडून, टाके सोसूनही रोग आत तसाच राहिला असता. तिचं नावही मला माहीत नाही. तिचे उपकार फेडता येणार नाहीत.

संध्याकाळी बेंगळुरूहून मुलीचा, मुक्ताचा फोन आला. ती इथेच वाढली. मराठी कळते, पण उत्तर हिंदीत देते.

"बाबा, सच-सच बताओ."

एक विनोद ओठांवर आला होता. गिळला. म्हटलं, "पसरलाय. ऑपरेशन नाही होणार. मला भीती वाटतेय, मुक्ता."



"मी येते," ती मराठीत म्हणाली. "उद्याच येते, बाबा."