मुंग्या लागलेल्या बाटल्या

इंदापूरच्या दवाखान्यात जोतीराम कंपाउंडर होता, पण मूळचा लासुर्ण्याच्या गुळव्याचा मुलगा. काहिलीतला पाक जिभेवर ठेवून बाप सांगे, गूळ आता उतरवा. ती जीभ आपल्याकडे आली आहे, असं जोतीराम मानत असे. पटकीच्या रोग्याला शिरेतून द्यायचं सलाइन तो उकळी, गाळी, थेंबभर चाखे आणि मगच बाटलीत भरी. डॉक्टर बापूसाहेब म्हणत, हे औषध आहे, गुळाची ढेप नाही. जोतीराम मान डोलावी आणि पुन्हा चाखे.

सलाइन दोन तऱ्हेचं. एक नुसत्या मिठाचं, चांगलं कडक. नाडी हाताला लागेनाशी झाली की ते आधी. दुसरं मिठात सोडा मिसळलेलं. लघवी अडली तर ते मागून. हा क्रम चुकला की रोगी हातचा गेला, असं बापूसाहेब बजावत.

छत्तीसच्या उन्हाळ्यात रामहरीने आपल्या बायकोला, फुलाबाईला, बैलगाडीतून आणलं. डोळे खोल गेलेले. नाडी लागेना. बापूसाहेबांनी कशीबशी शीर शोधली आणि बाटलीसाठी हात पुढे केला. दोनच बाटल्या शिल्लक होत्या, दोन्ही कोऱ्या. चिठ्ठ्या गळून फळीवर पडलेल्या, त्यांवर मुंग्यांची रीघ. डिंक संपला म्हणून जोतीरामने त्या गुळाच्या पाकाने चिकटवल्या होत्या.

नवं सलाइन तयार व्हायला तास गेला असता. फुलाबाईपाशी तेवढा वेळ नव्हता.

"चाख आता," बापूसाहेब म्हणाले.

जोतीरामने दोन्ही बाटल्यांतला थेंब थेंब चमच्यात घेऊन चाखला. भीतीने तोंडाला कोरड पडली होती. दोन्ही खारट. पुन्हा चाखलं. दोन्ही खारटच. बापाची जीभ नेमकी त्याच दिवशी रजेवर गेली होती.

रामहरी बायकोच्या कपाळाला जेजुरीचा भंडारा लावत होता. जोतीराम त्या पिवळ्या बोटांकडे बघत राहिला. हळदीचा डाग सोड्याच्या पाण्यात लाल होतो, हे घरी धोतरं धुताना त्याला कितीदा तरी ऐकावं लागलं होतं.

"तात्या, चिमूटभर भंडारा द्या हिकडं."

"देवाचा हाय त्यो. काय करायचाय?"

"देवालाच इचारतो."

बशीत दोन चिमट्या, प्रत्येकीवर एकेका बाटलीतला थेंब. एक पिवळीच राहिली. दुसरी लाल झाली. बापूसाहेबांनी पिवळीची बाटली लावली.

दुपार कलली तेव्हा नाडी हाताला लागली. मग दुसऱ्या बाटलीचंही काम पडलं. चौथ्या दिवशी फुलाबाईने उठून भाकरी मागितली.

खंडोबाने दवाखान्यात येऊन कौल दिला, असं रामहरी गावोगाव सांगत सुटला. त्यात जोतीरामचं नाव कुठंच नव्हतं. त्याला ते बरंच वाटलं. नाव आलं असतं, तर मागोमाग मुंग्याही आल्या असत्या.