पूर्ण शिकल्याचं पत्र

"अजून शिकतो आहे," जर्मन कारागीर-कचेरीतल्या बाईंनी पत्राच्या शेवटच्या ओळीवर पेन टेकवलं. "आल्झो, म्हणजे शिक्षण अपूर्ण. नोकरी केल्याचा उल्लेखही नाही. तीन वर्षांची आउसबिल्डुंग, म्हणजे उमेदवारी करा, मग परीक्षा."

चारुदत्तने पत्र ओढून घेतलं. सावंतवाडीहून वडिलांनी, दत्तात्रयांनी, चार वाक्यं लिहिली होती. 'चारुदत्त माझा मुलगा. बावीस वर्षं माझ्याजवळ लेथवर होता. हात बरा आहे. अजून शिकतो आहे.' सोबत जर्मन भाषांतर. तेही बिनचूक!

त्याचं वय चव्वेचाळीस. स्टुटगार्टमध्ये लाकूडकामाचं स्वतःचं वर्कशॉप काढायचं तर आधी ही परीक्षा हवी. जुन्या मालकाचं नीट पत्र असतं, तर थेट बसता आलं असतं.

भिंतीवर जुन्या कारागीर-संघाचं चित्र होतं. बाई कौतुकाने म्हणाल्या, "मध्ययुगापासूनची पद्धत आहे आमची. तेव्हा सात-सात वर्षं उस्तादाच्या घरी राहून शिकायचे."

खालची माहिती त्याने वाचली. फार जणांना उस्ताद होऊ द्यायचं नाही, असा संघाचा कटाक्ष. उस्तादाच्या मुलाला मात्र काही वर्षं माफ. त्याचं डोकं सणकलं. कसब यायला सात वर्षं लागत नव्हती, दार बंद ठेवायला लागत होती. आणि माफी मिळणारी मुलं कोण, तर ज्यांचे बाप त्यांच्यासाठी तोंड उघडत होते.

स्टेशनवर पोचताच त्याने फोन लावला.

"बाबा, हे काय लिहून ठेवलंत?"

"त्यात खोटं काय?"

"माझे भोवरे तुमचे म्हणून विकलेत, तेव्हाही शिकतच होतो का मी?"

"मी तरी कुठे पुरा शिकलोय? माझ्या बापाने मला कधी म्हटलं नाही तसं. तुला बरं मी म्हणेन!"

"मला नोकर लिहा. पूर्ण शिकलेला नोकर."

पलीकडे लेथची घरघर थांबली.

"पोटच्या पोराला नोकर लिहू?"

"नाहीतर या वयात इथे कुणाचा तरी भुसा झाडत बसेन मी."

"लिहितो. पण मग तू काम सोडून गेलेला नोकर. गणपतीत आलास की पाहुण्यासारखं ओटीवर बसायचं. माझ्या लेथला हात लावायचा नाही."

गाडी आली, दारं उघडली, मिटली. चारुदत्त जागचा हलला नाही.

"आजच लिहा," तो म्हणाला. "आणि काम सोडल्याची तारीख स्पष्ट घाला."