शेजारच्या आजींचा निळा वाडगा

कॅनडात, रेजिनातल्या आमच्या पहिल्या थंडीत मी शेजारच्या जपानी आजींच्या दारातला बर्फ काढला. संध्याकाळी त्या निळ्या नक्षीच्या पांढऱ्या वाडग्यात मुळ्याचं लोणचं घेऊन आल्या. भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आईनं माझ्या अंगात मुरवलेलं. मी शिरा भरून दिला. चार दिवसांत वाडगा पुन्हा दारात, आत गोड शिजवलेला काळा घेवडा. त्यांच्याकडेही तोच नियम! मी हार मानणाऱ्यातली नाही. आजीही नव्हत्या. तीन वर्षं वाडगा कुंपणावरून ये-जा करत राहिला.

त्याच्या तळाला कसल्याशा फांद्या काढलेल्या होत्या. मला तो कढीपत्ता वाटायचा. एकदा तर मी वाडगा खुशाल डिशवॉशरमध्ये घातला.

मागच्या मार्चमध्ये आजी वाडगा घेऊन आल्या, तोही रिकामा. माझं डोकंच फिरलं. गेल्या खेपेच्या पुरणपोळीत काय कमी होतं?

"हा आता तुझा, कीप इट," त्या म्हणाल्या. "मी मुलीकडे चाललेय, तिकडे लांब ब्रॅम्पटनला. कायमची."

मग तळावर बोट ठेवून त्यांनी एकेका फांदीची ओळख करून दिली. हा पाइन, बर्फातही हिरवा, म्हणजे दीर्घायुष्य. हा बांबू, वाकतो पण मोडत नाही. हा प्लम, थंडी सरायच्या आधीच फुलतो. वाडगा त्यांच्या पणजीचा, दीडशे वर्षांचा. मला डिशवॉशर आठवला. ते मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही.

पण मला तो वाडगा नकोच होता. तो माझ्या कपाटात बसला की आमचं येणं-जाणं संपलं. फार वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी स्वयंपाकघरात जाते.

निघायच्या दिवशी आजी न्यायला आलेल्या मुलीच्या गाडीत बसल्या, तेव्हा बेसनाच्या लाडवांनी शिगोशीग भरलेला वाडगा मी त्यांच्या मांडीवर ठेवला.

"अगं, मी शहाऐंशीची. हा परत कोण आणणार?"

"तुम्हीच. नाहीतर तळाला तो पाइन काय शोभेला काढलाय?"

आजी इतक्या हसल्या की मुलीचा किल्लीवरचा हात थांबला.

"ओके. नेक्स्ट समर," डोळे पुसत त्या म्हणाल्या, आणि त्यांनी वाडगा दोन्ही हातांनी घट्ट धरला.