अण्णाकाकांचा दहावा आणि गळ्यावरची रेघ

काकांच्या पिंडाला कावळा शिवेना, आणि त्याला कारण माझी कविता होती.

अण्णाकाका, बाबांचे थोरले बंधू, कळंबला रानाच्या कडेला राहत. त्यांच्या परसातल्या ऐनाच्या झाडावर एक लहानसा शिकारी पक्षी येऊन बसे. काका म्हणत, "बेसरा!" बाबा म्हणत, "शिक्रा!" दोन्ही पक्षी पाठीला राखी, छातीला तांबूस, फरक गळ्यावरच्या उभ्या रेघेचा. बेसऱ्याची काजळाच्या बोटासारखी ठळक, शिक्र्याची जेमतेम पुसट. गळा न पाहताच मी त्या पक्ष्यावर कविता लिहिली आणि छापताना 'शिक्रा' केला. (बेसऱ्याला एक मात्रा जास्त लागते!) काकांनी अंक मुकाट्याने मिटला. वर्षभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मग बोलायचे राहूनच गेले.

उल्हास नदीच्या काठी दहाव्याच्या सकाळी भिजल्या दर्भाचा आणि तिळांचा वास दाटला होता. कावळे आले, झुंडीने आले. पण सगळे घाटावरच्या उंबरावर! तिथे एक लहानसा शिकारी पक्षी बसला होता, आणि त्याला हुसकावण्याच्या नादात पिंडाकडे पाहायला कुणालाच सवड नव्हती.

"अण्णा, वहिनींना आम्ही सांभाळू," बाबा म्हणाले. कावळा नाही.

"परसातला ऐन तोडणार नाही." तरी नाही.

काकांचे शेजारी पांडूदादा पुटपुटले, "आवं, त्यो पक्षी हाय तंवर कावला खाली येयाचा नाय."

पहाटेपासून पाण्याचा थेंब न घेतलेली काकू एकदम माझ्याकडे वळली. "ह्यांचाच बेसरा आलाय तो! म्हण गं एकदा, बेसरा म्हणून. त्यातच जीव अडकलाय त्यांचा."

मी वर पाहिले. पक्ष्याने मान उंचावली. गळा पांढरा, रेघ शोधावी लागेल इतकी फिकी.

"शिक्रा आहे गं!" बाबा माझ्या कानाशी.

"बाबा, आज तरी गप्प बसा!"

मी हात जोडले. "काका, बेसराच आहे. चूक माझी होती." रडू मात्र खरे आले.

पक्षी उडाला. (कावळ्यांना कंटाळला असावा.) पाठोपाठ एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

"ऐकलं गं त्यांनी तुझं!" काकू हुंदका देत म्हणाली.

माझ्या एखाद्या ओळीला जागच्या जागी मिळालेली ही पहिली दाद. आणि ती ओळ साफ खोटी होती!