म्हाराजा कापलेलं गाऱ्हाणं

बँकेतून निवृत्त होऊन घाटावरून मालवणात परतलो तेव्हा माझ्या नावावर एक कथासंग्रह होता. त्याच्या बहुतेक प्रतीही माझ्याच घरी होत्या. एवढ्या भांडवलावर वाचनालयाच्या मंडळींनी मला शनिवारी दुपारी तरुण मुलांसाठी सर्जनशील लेखनाचा वर्ग घ्यायला सांगितलं. मी आधी नको नको म्हटलं आणि घरी जाताना वाटेतच पांढरा कुर्ता शिवायला टाकला.

'सर्जनशील' हा शब्द काही बाजारात कुणाच्या तोंडी बसेना. मी जिच्याकडून नेहमी बांगडे घेतो ती बाई एकदा तराजू धरूनच म्हणाली, "तुमी शनवारी काय शिकयतास ओ?"

"लिहायला."

"मगे ती पोरां शाळेत काय करी होती?"

मी बांगडे मोजून घेतले आणि निघालो. एका आईनं तर आपल्या मुलाला अक्षर सुधारेल म्हणून आणून बसवलं. मुलगा गुणी, नेमानं यायचा. त्याचं अक्षर होतं तसंच राहिलं, मात्र जिथं तिथं 'धूसर' लिहायची सवय लागली. शाळेत त्यानं गाईवरचा निबंध लिहिला, त्यात गायही धूसर. त्याची आई हल्ली मला लांबून बघूनच रस्ता बदलते.

वर्गात मुलं सात-आठ. पहिल्याच दिवशी मी फळ्यावर नियम लिहून टाकले. सांगू नका, दाखवा. विशेषणं कापा. आणि सगळ्यात खाली, दोन रेघा मारून: पुनरुक्ती टाळा. माझ्या हातात कायम एक लाल पेन असायचं. बँकेत एवढा अधिकार मी कधी भोगला नव्हता. तिथं निदान वर एक मॅनेजर असायचा.

या वर्गात एक कॉलेजातली मुलगी होती, किनाऱ्यालगतच्या मच्छीमारांच्या वाडीतली. चांगलं लिहायची, म्हणजे मी हात लावेपर्यंत चांगलं असायचं. एका शनिवारी सगळे गेल्यावर ती एक कागद घेऊन थांबली.

नारळी पौर्णिमेला त्यांची वाडी समुद्राला नारळ देते. त्याआधी गाऱ्हाणं घालतात. घाटावर गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे एकानं सगळ्यांच्या वतीनं देवाशी मोठ्यानं बोलायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. दुजोरा नसेल तर ते गाऱ्हाणं म्हणजे नुसती एका माणसाची बडबड. त्या वाडीचं गाऱ्हाणं वर्षानुवर्षं या मुलीचे वडील घालायचे. यंदा त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. त्यांना मुलगा नाही. धाकटे काका म्हणाले, आता मी घालतो. ही म्हणाली, मी घालतंय.

"काका म्हणतत, चेडवान घातलेलो गाराणो कोणी आयकलो नाय," ती 'चेडवान', म्हणजे मुलीनं, या शब्दावर जोर देत म्हणाली. "मग वाडीत ठरलं, एकदा घालून बघूंदे तिला. लोकांनी साथ दिली तर माझं. नाही दिली तर काकांचं, कायमचं. सर, जरा नजर टाकाल?"

सर फार दिवसांपासून अशा नजर टाकण्याच्या शोधात होते. मी खुर्ची ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.

कागदावर मालवणीत सरळ साधी वाक्यं होती. होड्या राख, जाळी राख, पोरांना राख. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'म्हाराजा'. एका पानात हा शब्द इतक्यांदा आलेला बघून मला त्या पानाची दया आली. मी एकेक म्हाराजा पकडून कापला. वर एक ठेवला, खाली एक.

"कमानीसारखं," मी तिला समजावलं. "दोन बाजूंना दोन खांब, मध्ये मोकळा अवकाश."

"पण सर, म्हाराजा नाय म्हटला तर लोक—"

"लोकांवर विश्वास ठेवायचा. वाचक हुशार असतो."

ती लाल रेघांकडे बघत राहिली. मला वाटलं, पटलं.

आता यातली गंमत अशी की मी मूळचा इथलाच. लहानपणापासून गाऱ्हाण्यांना उभा राहिलेला माणूस. शेकडो वेळा 'व्हय म्हाराजा' म्हटलं असेल. पण नेहमी मागच्या रांगेत आणि सगळं लक्ष नारळ फुटल्यावर मिळणाऱ्या खोबऱ्याकडे. आपण नेमकं कुठं 'व्हय' म्हणतो आणि का, हे कधी कानांनी ऐकलंच नव्हतं.

म्हाराजा कापून माझा हात थांबला नाही. सगळं गाऱ्हाणं मी प्रमाण मराठीत आणलं. समुद्राला ती भाषा कळते असं मला का वाटलं कोण जाणे, तो काही तहसील कचेरीत बसत नाही. 'बा दर्या'चं 'हे अथांग निळाई' केलं. आणि मधोमध माझं स्वतःचं एक लांबलचक वाक्य घातलं, ज्यात वादळाचं सगळं रूप आधी उलगडायचं आणि क्रियापद शेवटी एखाद्या विजेसारखं पडायचं. ते वाक्य मी घरी बायकोला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, मधे श्वास कुठं घ्यायचा? मी म्हटलं, तुला नाही कळायचं.

पौर्णिमेला नवा कुर्ता घालून मी किनाऱ्यावर गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढं उभा राहिलो. मुलीचे वडील गळ्याला टॉवेल गुंडाळून पाटावर बसले होते. काका त्यांच्या शेजारी हाताची घडी घालून उभे. मुलीच्या एका हातात नारळ, दुसऱ्यात माझा कागद. वाऱ्यानं कागद फडफडत होता.

"म्हाराजा," तिनं सुरुवात केली, "हे अथांग निळाई, आदिम काळापासून आमच्या श्वासांशी नातं सांगणाऱ्या तुझ्या लाटांना आमचं वंदन."

ती थांबली. कुणी काही म्हणेना. लोक तोंड अर्धवट उघडून वाट बघत होते. एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं, "नीलाबाय कोण गो?"

मुलगी पुढं वाचत राहिली. वाक्य संपलं की ती थांबे, किनारा गप्प. तेवढ्यात काकांची घडी सुटली आणि ते एक पाऊल पुढं आले. हिचं गाऱ्हाणं जात होतं आणि ते माझ्या लाल पेनानं जात होतं. काहीतरी करायला हवं होतं. कुणीतरी एकानं 'व्हय' म्हटलं की बाकीचे म्हणतील, एवढंच डोक्यात. त्याच वेळी ती माझ्या लाडक्या वाक्यात शिरली.

"जे वादळ आमच्या होड्या उलथवेल, आमची जाळी फाडेल, आमच्या घरांची कौलं उडवेल—"

इथं तिचा श्वास संपला. ती थांबली.

"व्हय म्हाराजा," मी पुढच्या रांगेतून खणखणीत आवाजात म्हटलं.

सगळी वाडी माझ्याकडे वळली. वाक्याचं क्रियापद, 'दूर ने', अजून कागदावरच होतं.

"सरांका वादळ व्हया आसा," काका शांतपणे म्हणाले. मागून कुणीतरी फुसकन हसलं. काकांनी मुलीपुढं हात केला. "आण गो बाय तो नारळ हय."

तिनं नारळ दिला नाही. तिनं माझा कागद घडी घालून कमरेला खोचला, नारळ दोन्ही हातांत धरला आणि समुद्राकडे तोंड केलं.

"बा दर्या, तुझी लेकरां तुझ्या दारात उभी आसत, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." दहा-बारा आवाज आले.

"हे आमचे सर. शिकलेले आसत, घाटार ऱ्हवान इलेत. तेंका आमच्यातला काय एक ठावक नाय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आता सगळी वाडी. म्हातारीचा आवाज सगळ्यांत वर.

"तेंच्या तोंडातसून वादळाक व्हय गेला. ता तू आयकला नाय असा कर, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि काय पाडूचाच आसला, तर तेंच्या घराची कौला पाड. आमच्या होड्यांका हात लावू नको, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." यात माझाही आवाज होता. स्वतःच्या घराविरुद्ध मी इतक्या मनापासून दुजोरा याआधी कधी दिला नव्हता.

मग तिनं जाळी राखायला सांगितली, होड्या, पोरं, गोव्याला कामाला गेलेली माणसं. प्रत्येक वाक्य म्हाराजावर येऊन टेकत होतं आणि लोक तिथूनच ते उचलत होते. एका शब्दानं ती सगळ्यांना आत बोलवत होती आणि मी तो शब्द दारांसकट काढून टाकला होता.

शेवटी ती म्हणाली, "माझ्या बापाशीन इतकी वर्सा तुका हाक मारल्यान. आता तेचो आवाज गेलो. आजपासून माझो आवाज तो तेचो समज, म्हाराजा."

सगळे म्हणाले. काका नाही. ती काकांकडे बघत थांबली, बाकीचेही थांबले. वडिलांनी टॉवेलावरून मान थोडी भावाकडे वळवली. काकांनी समुद्राकडे बघितलं, घसा खाकरला आणि एकट्यानं, जरा घाईत म्हटलं, "व्हय म्हाराजा."

नारळ पाण्यात गेला. किनाऱ्यावर प्रसादाचे नारळ फुटले आणि लोक खोबऱ्याकडे वळले. मी कुणाच्या नजरेला न पडता सटकायच्या बेतात होतो, तर काका पुतणीला म्हणत होते, "फुडल्या वर्साक जरा मोठ्यान घाल गो. माका आता मागे उभ्या ऱ्हवाक लागतला, आयकाक येवक व्हया."

मग ते माझ्याकडे वळले. "आणि सर, तुमीय येवा. पण गाराणो झाल्यार."